सातव्या आवृत्तीतला चौकोन

प्रिय सुई,

आधी तुझं खरं नाव लिहून पाहिलं. ते एखाद्या कार्यालयातून आलेल्या पत्रासारखं दिसायला लागलं, म्हणून तो कागद फाडला. दुसऱ्या कागदावर नुसतं 'प्रिय' लिहून दहा मिनिटं बसून राहिले. या नावाने तुला हाक मारायचा हक्क मला उरलेला नाही हे कळतं, पण दुसऱ्या कुठल्या नावाने तुझ्याशी खरं बोलता येईल असं वाटत नाही. तेवढं चालवून घे. दुपारचे तीन वाजलेत. जेवणाच्या टेबलावरच बसले आहे, भांडी तशीच पडली आहेत. आमचे हे मघाशी डोकावून गेले. 'एवढं लांबलचक कुणाला?' म्हणाले. 'सुईला' म्हटल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्यासाठी चहा ठेवायला गेले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी आपण होऊन केलेला हा बहुधा चौथा चहा. तुझं नाव या घरात किती वर्षांनी निघालं ते यावरून ओळख.

अक्षर ओळखलंस ना? शाळेत सिस्टरांनी घोटून घेतलेलं वळण अजून मोडलेलं नाही, फक्त ओळ शेवटाकडे जरा उतरते. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला, दुसऱ्याचा पिकायची वाट बघते आहे. गुडघ्यांबद्दल बोलायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे, कारण एकदा सुरू केलं की जेवण गार होतं. लेक दूर असते. तिचा मुलगा फोनच्या पडद्यावर मला आजी म्हणत नाही, 'हॅलो' म्हणतो. मी दिसले की घरातले सगळे आधी तेच म्हणतात, त्यामुळे त्याला ते माझं नाव वाटतं. नोकरी संपून चार वर्षं झाली. आता आठवड्यातून दोन दिवस एका कॉलेजात शिकवायला जाते. काय शिकवते, तर चौकोन काढायला. तू म्हणायचीस ना, 'लोक पोटासाठी काय काय करतात, आणि ही बया चौकोन काढते!' ती बया अजून तेच करते आहे.

शिवणाच्या सिस्टर आठवतात? नमुन्याचं कापड हातात घेतलं की त्या आधी ते उलटं करायच्या. सुलट बाजूकडे बघायच्यासुद्धा नाहीत. मागच्या गाठी, लोंबणारे दोरे, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर मारलेल्या उड्या, सगळे गुण त्यावर. माझी सुलट बाजू वर्गात सगळ्यांत देखणी असायची, कारण मी टाका घालण्याआधी फूटपट्टीने रेघा आखून घ्यायची. उलट बाजू मात्र कोंबड्यांनी उकरलेल्या अंगणासारखी. तू माझं कापड मांडीवर घ्यायचीस, डोळे मिटून मागून तळहात फिरवायचीस आणि म्हणायचीस, 'इथे टोचतंय बघ.' परीक्षेच्या आदल्या दिवशी तू मधल्या सुट्टीत डबा न उघडता माझी अख्खी उलट बाजू उसवून पुन्हा घातलीस. मला पहिला नंबर मिळाला आणि निळी फीत. सिस्टरांनी विचारलं, 'सगळं स्वतः केलंस?' मी म्हटलं, 'हो, सिस्टर.' तू शेजारीच उभी होतीस. त्या दिवशी शाळा सुटल्यावर आपण चोरून शाळेच्या चॅपेलमध्ये शिरलो आणि त्या कबुलीच्या लाकडी खोलीत जाऊन बसलो. तू जाळीच्या पलीकडे, फादर बसतात तिथे. आवाज जाड काढून म्हणालीस, 'बोल मुली, काय पाप केलंस?' मी सांगितलं. तू जाळीतून फिदीफिदी हसलीस आणि शिक्षा ठोठावलीस, आठवडाभर मी तुझ्या पेन्सिलींना टोक काढून द्यायचं. मी टोकं काढली आणि विषय संपला. तू असे विषय संपवतेस याची मला तेव्हापासून सवय लागली. ती सवय पुढे भोवली, असं लिहिणार होते. पण भोवली ती तुला.

कारखान्यात मला तूच नेलंस. हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना वाटतं साहेबांनी मला कुठून तरी शोधून काढलं. तू तिथे रवानगीच्या टेबलावर एकोणीस वर्षं काढली होतीस. बाजारातले बूट ज्यांना चालत नाहीत त्यांच्यासाठी बूट करणारी ती जागा. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल वाकडं, कुणाच्या पायातली जाणीवच आजाराने गेलेली. मला पहिल्या दिवशी आलेला चामड्याचा आणि गोंदाचा वास आठवतो, आणि भिंतीभर लावलेली लाकडी पावलं. प्रत्येक माणसाच्या पायाच्या मापाचा एक ठोकळा, त्यावर चढवून बूट शिवायचा. तुम्ही त्याला कलबूत म्हणायचात. मी म्हटलं, 'बाई गं, ही एवढी माणसं भिंतीतून चालत आल्यासारखी वाटतात.' तू म्हणालीस, 'हो, आणि सगळ्यांना घाई आहे.' घाई खरीच होती. मागण्या वाढल्या होत्या, जोड हरवत होते, डावा एकीकडे आणि उजवा दुसरीकडे जात होता. साहेब हैराण झाले होते. तू त्यांना सांगितलंस, 'माझी मैत्रीण हेच काम करते, कुठल्याही कारखान्याचा नकाशा काढून देते. फार हुशार आहे.' 'फार हुशार' हे साहेबांनी मला नंतर जसंच्या तसं सांगितलं होतं.

माझी पद्धत तुला माहीत आहे, तूच तिची सर्वांत जास्त टिंगल केलीस. काम वरून खाली मांडत यायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आधी एकच चौकोन काढायचा, 'पायाला बूट देणे'. मग तो फोडून पाच करायचे, माप, कलबूत, शिवण, तपासणी, रवानगी. त्यातल्या एकावर टिचकी मारली की त्याच्या पोटात दुसरं पान उघडतं, त्यातल्या चौकोनाच्या पोटात तिसरं. असं उतरत उतरत अगदी कोण कुठली चिठ्ठी कुठे लावतं तिथपर्यंत जायचं. आणि नियम असा की वरच्या चौकोनात जेवढे बाण शिरतात आणि बाहेर पडतात, तेवढेच खालच्या पानावर असले पाहिजेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. शेवटी 'तपासा' असं बटण दाबायचं. सगळं जुळलं की हिरवी खूण येते. तू म्हणालीस, 'म्हणजे वरच्याने आधीच ठरवायचं की खालचा काय करतो?' मी म्हटलं, 'तसं नाही गं, खाली गेल्यावर काही वेगळं दिसलं तर वर जाऊन दुरुस्त करायचं असतं.' पुस्तकात तसंच लिहिलेलं आहे आणि ते खरं आहे. फक्त तेवढं करायला लाज गिळून वर जावं लागतं. माझं वरचं पान साहेबांना इतकं आवडलं की मी खाली उतरायच्या आधीच त्यावर सही झाली. त्यांनी ते काचेच्या चौकटीत घालून दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलं. 'बाई, तीस वर्षांत माझा कारखाना मला आज पहिल्यांदा दिसला,' असं म्हणाले. त्या एका वाक्यावर मी आठ दिवस तरंगत होते.

मग मी तुझ्या टेबलाशी येऊन बसले. दोन दिवस. तपासणीत काय काय होतं ते मी आधी लिहून घेतलं होतं. लांबी, रुंदी, टाचेची उंची, टाके, सगळं पट्टीने आणि बाहेरून. तिथून जोड तुझ्याकडे यायचा. तू हातातलं घड्याळ काढून बाजूला ठेवायचीस आणि बुटात मनगटापर्यंत हात घालायचीस. डोळे मिटून. टाचेपासून बोटांपर्यंत सगळं अस्तर चाचपत जायचीस. मी विचारलं, 'हे कुणी सांगितलं करायला?' तू म्हणालीस, 'कुणी नाही. ज्या पायाला टोचलेलं कळत नाही, त्याच्या वतीने कुणाला तरी कळायला नको का?' एवढं म्हणेपर्यंत तुला एका बुटात काहीतरी लागलं. तो तू ॲप्रनखाली धरलास आणि शिवणाच्या खोलीत त्या म्हाताऱ्या कारागीर काकांकडे गेलीस. मी मागून आले. तू इतकंच म्हणालीस, 'काका, तुमचा दोरा राहिला होता आत.' काकांनी मान वर न करता बूट घेतला, अस्तराची घडी उसवली, दहा मिनिटांत परत दिला. चिठ्ठी नाही, नोंद नाही. परत येताना जिन्यात तू मला सांगितलंस की काकांची नजर गेल्या दोन वर्षांत उतरली आहे. सगळ्या कारखान्यात त्यांच्यासारखा हात नाही, पण आतली घडी त्यांना आता दिसत नाही. लिहून ठेवलं तर त्यांना घरी बसवतील. 'त्यांचं नाव कुठे घालू नकोस हं,' तू म्हणालीस. 'पण चौकोन मात्र काढ. मी उद्या नसले तर कुणीतरी हात घालायला हवा.' एवढ्या वर्षांत तू माझ्याकडे मागितलेली ती बहुधा एकच गोष्ट.

मी चौकोन काढला होता, सुई. हे तुला आज पहिल्यांदा सांगते आहे. त्याच दिवशी काढला. नकाशाची सातवी आवृत्ती होती. रवानगीच्या पानावर पहिलाच चौकोन, आणि घाईत त्यावर लिहिलं होतं, 'सुई हात घालून बघते'. नाव नंतर बदलायचं होतं. खाली टिपणाच्या जागेत तुझं वाक्य लिहिलं, जसं जिन्यात म्हणालीस तसं, काकांचा भाग वगळून. मग 'तपासा' दाबलं आणि लाल त्रिकोण आला. या चौकोनात बूट जातो आणि तोच बूट बाहेर येतो, काही बदलत नाही, असं यंत्राचं म्हणणं. त्यावर उपाय सोपा होता. पुढे निर्णयाची खूण काढायची, पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची असते ती. ठीक असेल तर पुढे, टोचत असेल तर परत शिवणाकडे. मी तीही काढली. दुसरा लाल त्रिकोण आला. रवानगीकडून शिवणाकडे उलट जाणारा बाण वरच्या पानावर नव्हताच. तो काढायचा म्हणजे साहेबांनी सही केलेलं पान बदलायचं, भिंतीवरची चौकट उतरवायची, आणि मी सांगायचं की साहेब, तुम्हाला दिसलेला कारखाना अर्धवट होता, माझ्याकडून राहिलं. शुक्रवार होता. सोमवारी सगळ्यांसमोर नकाशा दाखवायचा होता. साहेब काही वाईट माणूस नव्हते. फार तर 'बरं' म्हणाले असते. मी मात्र तो 'बरं' ऐकायला गेले नाही. चौकोन निवडला आणि पुसला. आठव्या आवृत्तीला हिरवी खूण आली. मला हायसं वाटलं. या पत्रात लिहायला सगळ्यांत जड गेलेलं वाक्य हे आहे. मला हायसं वाटलं. मनाशी म्हटलं, मी चौकोन पुसला, सुईचा हात थोडाच पुसला? ती घालेलच की.

पण नकाशाबरहुकूम कामाची मांडणी बदलली, आणि तुझ्याकडे यायचे ते बंद खोकी. तपासणीतच जोड खोक्यात जायचा, वर रेघारेघांची छापील पट्टी चिकटायची. तू फक्त पत्ता लावायचा आणि पट्टी यंत्रासमोर धरायची. पट्टी फाडून खोकं उघडलंस की पडद्यावर 'नियमबाह्य' अशी नोंद व्हायची, तुझ्या नावाने. तू तीन आठवडे तरी फाडत राहिलीस. मग तुला बोलावून समज दिली. तू मला फोन केलास. हसत होतीस, पण नेहमीसारखं नाही. म्हणालीस, 'अगं, तुझ्या नकाशात माझा हात मावत नाहीये. तो चौकोन कुठे गेला?' आणि मी तुला म्हटलं, 'नवीन पद्धत आहे, थोडे दिवस जड जाईल. सवय होईल तुला.' तू 'बरं' म्हणालीस. साहेबांकडून ऐकायला मी घाबरले होते तो 'बरं' मला तुझ्याकडून ऐकावा लागला.

चार महिन्यांनी त्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाईंचं झालं. त्यांच्या पायात जाणीव नव्हती. नवे बूट घालून तीन दिवस शाळेत जात राहिल्या, आणि चौथ्या दिवशी मोज्यावर डाग दिसला म्हणून बूट काढला. आत अस्तराची एक घडी गोंदाने वाळून कडक झाली होती, तांदळाच्या दाण्याएवढी. जखम चिघळून पायाची दोन बोटं काढावी लागली. चौकशी बसली तेव्हा तिघे जण टेबलाच्या पलीकडे होते, साहेब मध्ये, आणि अलीकडे तू आणि मी, मध्ये एक खुर्ची सोडून. यंत्रात शेवटची नोंद तुझ्या नावाची होती. तू सांगितलंस, 'पूर्वी मी हात घालून बघायची, नवीन पद्धतीत ते बंद झालं, आणि हे मी हिला नकाशा काढताना सांगितलं होतं.' काकांचं नाव तू घेतलं नाहीस. ते घेतलं असतंस तर तुला सुटका होती. मग साहेबांनी मला विचारलं, अशी काही पायरी तुम्हाला सांगण्यात आली होती का? मी म्हटलं, 'माझ्या नकाशात अशी पायरी नव्हती.' बघ किती नीट आखलेलं वाक्य आहे. त्यात एक शब्द खोटा नाही, आणि सगळंच खोटं आहे. मी तुझ्याकडे बघितलं नाही, पण तुझा हात दिसत होता. तू घड्याळाचा पट्टा सोडलास आणि एक भोक पुढे घेऊन पुन्हा आवळलास. बस, एवढंच. एका शब्दानेही तू मला अडवलं नाहीस. मी वाट बघत होते की आता तू पेन्सिलींना टोक काढायला सांगशील आणि विषय संपेल. आठवड्याभरात तू राजीनामा दिलास. लोक म्हणाले, बाई चांगली होती, पण शेवटी हलगर्जीपणा नडला.

त्यानंतर मी तुला एकदा पाहिलं. सहा वर्षं झाली असतील. बस थांबते त्या कोपऱ्यावर कपडे दुरुस्त करणाऱ्यांचं दुकान आहे, तिथे काचेच्या आत तू बसली होतीस. मांडीवर कुणाचा तरी कोट होता आणि तू त्याच्या बाहीत खांद्यापर्यंत हात घालून, डोळे मिटून काहीतरी चाचपत होतीस. मला दोन पावलं टाकून दार ढकलायचं होतं. मी रस्ता ओलांडला. पलीकडच्या बाजूला मला काही काम नव्हतं. औषधांच्या दुकानात शिरून उगाच खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. ह्यांनी विचारलं, 'खोकला कुणाला झालाय?' मी म्हटलं, होईल कुणाला तरी.

आता परवाच्या मंगळवारची गोष्ट. वर्गात मी तुमच्या कारखान्याचाच नकाशा दाखवते, नाव न सांगता. दरवर्षी दाखवते, कारण तो सुंदर आहे. खरंच सुंदर आहे गं, सुलट बाजूने. पहिल्या बाकावर एक वेणीवाली मुलगी बसते. सारखे प्रश्न विचारते, मला ती आवडते. तिने विचारलं, 'बाई, याच्या आधीच्या आवृत्त्या बघता येतात का?' येतात, मी म्हटलं, सगळ्या साठवलेल्या असतात. विचार न करता म्हणाले. ती उठून आली, माऊस हातात घेतला आणि टिचक्या मारत मागे मागे गेली. भिंतीएवढ्या पडद्यावर सातवी आवृत्ती उघडली. चाळीस मुलांसमोर. अकरा वर्षांत मी ती उघडलेली नव्हती. मुलीने मोठ्याने वाचलं, 'सुई हात घालून बघते.' वर्ग हसला. मग तिने टिपण उघडून तुझं वाक्य वाचलं, मी उद्या नसले तर कुणीतरी हात घालायला हवा. आता कुणी हसलं नाही. तिने विचारलं, 'बाई, सुई म्हणजे यंत्र आहे का?' मी म्हटलं, 'हो, तसंच काहीसं.' ती म्हणाली, 'पण हा चौकोन बरोबर वाटतो. मग तो का पुसला?' आणि तुझ्या या फार हुशार मैत्रिणीने काय सांगावं? 'सुरुवातीची चूक होती ती. पुढे सुधारली.' मुलीने ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली रेघ मारली. फूटपट्टीने.

घरी येताना दोन थांबे पुढे उतरले आणि चालत मागे आले. साहेबांसमोर मी बोलले नाही, तेव्हा मी घाबरले होते असं स्वतःला समजावत आले होते. या पोरीला मी काय घाबरत होते? तिने माझं काय बिघडवलं असतं? मला आता भीतीचंही निमित्त उरलेलं नाही, सुई. सिस्टरांना 'हो' म्हणणारी तीच मी अजून तिथे उभी आहे, निळी फीत लावून, आणि तू शेजारी.

म्हणून बुधवारी सकाळी कारखान्यात फोन केला. साहेब आता येत नाहीत, त्यांची मुलगी सगळं बघते. तिला म्हटलं, जुन्या चौकशीत माझं सांगणं खोटं होतं, मला ते दुरुस्त करायचं आहे. ती म्हणाली, पुढच्या गुरुवारी अकरा वाजता या. त्याच खोलीत. तेव्हाच्या समितीतले दोघे अजून आहेत, साहेबांनाही ती चाकांच्या खुर्चीत बसवून आणणार आहे, आणि रवानगीवरच्या सगळ्यांना बोलवणार आहे, कारण तुझ्याबद्दल जे पसरलं ते तिथूनच पसरलं. काका गेले त्याला तीन वर्षं झाली, आता त्यांना कुणी घरी बसवू शकत नाही, तरी त्यांचं नाव मी घेणार नाही. तू घेतलं नव्हतंस. वर्गात मंगळवारी सांगेन. गाण्याच्या बाईंकडे जाईन असं लिहिणार होते, पण ते अजून मनातच आहे, म्हणून लिहीत नाही. हे पत्र मात्र तुझी माफी मागायला लिहिलेलं नाही. टोकं काढायला आता पेन्सिली पुरणार नाहीत, हे मला कळतं. लिहिलं ते अशासाठी की मला माझा भरवसा वाटत नाही. बुधवारपासून दोनदा फोन उचलून गुरुवार रद्द करायला निघाले होते. एकदा तर गुडघ्याचं कारणही तयार होतं. तू हे वाचलंस की मला मागे फिरता येणार नाही, म्हणून आज संध्याकाळच्या आत, हे चहा घेऊन येतील तो पिऊन, स्वतः जाऊन पेटीत टाकणार आहे. सोबत दोन कागद आहेत. एक सातव्या आवृत्तीचं रवानगीचं पान, ते तुझं आहे, ठेव. दुसरा मी तिथे वाचणार आहे तो, तारीख घालून, सही करून. तो नीट आखलेला आहे, माझं सगळंच नीट आखलेलं असतं, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते. जमलं तर घड्याळ काढून ठेव आणि त्याच्या आतून एकदा हात फिरवून बघ. कुठे घडी राहिली असेल, कुठे मी स्वतःला अलगद वाचवलं असेल, तर तिथे खूण करून परत पाठव. मी उसवून पुन्हा लिहीन. काही आलं नाही तर आहे तसा वाचेन. पण या वेळी तुझ्या हाताखालून गेल्याशिवाय काही बाहेर जाऊ नये, एवढंच वाटतं.

तुझीच, अजून असं म्हणता येत असेल तर,
फूटपट्टी